पाय धुऊन घेताना

सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी आम्ही सावंतवाडीहून जुन्या गोव्याकडे पायी निघालो, तेव्हा नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली होती. बांदा, पात्रादेवी, पेडणे मागे पडत गेले आणि पहाटेची जपमाळ, दुपारचे ऊन व रात्रीची पथारी यांपलीकडे दिवसांची ओळख उरली नाही.

पेडण्याच्या पुढे एका दुपारी टाचेवरचा फोड फुटला आणि मोजा कातडीला चिकटला. मी मोरीच्या कठड्यावर बसले होते. समोरच्या घरातून एक आजी आल्या, त्यांनी मला अंगणात नेले आणि तुळशीवृंदावनाजवळ बसवून कोमट पाण्यात मीठ घालून आणले. "बाय, पांय हांगा दवर," असे म्हणून त्यांनी मांडीवर जुने फडके पसरले. मी पाय मागे ओढत होते आणि त्या तो पुन्हा पुढे घेत होत्या. मोजा सुटेपर्यंत त्यांनी थेंब थेंब पाणी सोडले आणि ओढाताण मुळीच केली नाही. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण तेथे बसणारे घरूनच पाय स्वच्छ करून येतात. माझ्या पायाला डांबर, धूळ आणि रक्त होते. प्रभूने पाय धुवायला घेतले, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने इतका कडाडून नकार का दिला, हे मला त्या अंगणात कळले. देणारा कितीही वाकला तरी देणारा असतो. घेणाऱ्याजवळ मात्र झाकायला काही उरत नाही. निघताना आजींनी बोटीवर नोकरीला असलेल्या मुलासाठी सायबाकडे, म्हणजे संत झेवियर यांच्याकडे, प्रार्थना करायला सांगितले.

त्या संध्याकाळी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी सांगितलेली हकिकत ओळखीचीच होती: पोपचे प्रतिनिधी असूनही झेवियर यांनी चाकर नाकारला, प्रवासात स्वतःचे कपडे स्वतः धुतले आणि १५४२ मध्ये गोव्यात उतरल्यावर इस्पितळात राहून रुग्णांची सेवा केली. या वेळी मी त्या रुग्णांचा विचार करत राहिले, ज्यांनी आपल्या जखमा एका अनोळखी परदेशी माणसाच्या हाती सोपवल्या.

आमच्या जथ्यात कर्णा घेऊन चालणारे एक भाऊ होते. त्यांची जपमाळेतली "नमो मरिया" इतकी कर्कश आणि घाईची असे की उत्तर देताना धाप लागत असे, आणि मला त्यांचा मनापासून वैताग आला होता. रिबंदरच्या रस्त्यावर मी लंगडताना पाहून त्यांनी माझी पिशवी मागितली. 'नको' हा शब्द तोंडाशी आला होता. तो गिळून मी पिशवी दिली. मग कर्णा खाली ठेवून ते बराच वेळ घरच्या गोष्टी बोलत राहिले. जपमाळेच्या पुढच्या रहस्याला, म्हणजे पुढच्या टप्प्याला, कर्णा पुन्हा सुरू झाला, तितकाच कर्कश, आणि माझे डोके पुन्हा दुखू लागले.

झेवियर यांचे अवशेष जिथे आहेत त्या बॉम जीझस बासिलिकेत रांग सरकत होती आणि थांबायला फारसा वेळ मिळाला नाही. मी आजींच्या मुलासाठी प्रार्थना केली आणि कर्णेवाल्या भाऊंच्या आईसाठीही केली, कारण तिच्या आजारपणाविषयी त्यांनी मला रिबंदरच्या वाटेवर सांगितले होते.