घड्याळाच्या कॅलरी आणि माझा डबा

कर्वेनगरात मी पोळी-भाजीचे डबे देते. हिंजवडीला जाणारी मुलं हल्ली डबा लावताना ‘तिखट कमी’ वगैरे सांगत नाहीत; रात्री ॲपचा स्क्रीनशॉट पाठवतात. मनगटावरचं घड्याळ चाल, नाडी, झोप ॲपला कळवतं आणि ॲप उद्याचं जेवण ठरवतं. एका मुलाच्या ॲपने एके दिवशी दोन पोळ्या सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी चार, कारण मध्ये तो हनुमान टेकडी चढून आला होता. “काकू, काल सहाशे जळाल्या!”

मुलं तब्येतीकडे बघतायत याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच हा सहाशे आकडा येतो कुठून, ते मी नीट समजून घेतलं.

घड्याळ कॅलरी मोजत नाही. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो, रक्त तो प्रकाश शोषतं आणि त्या कमी-जास्तीवरून नाडी कळते. हालचालीसाठी वेगळा सेन्सर. कॅलरी म्हणजे यांत वय-वजन मिसळून बांधलेला अंदाज. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. सहांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यांत बऱ्या उपकरणाची चूक २७ टक्के होती, सगळ्यांत वाईटाची ९३! सहाशेचे २७ टक्के म्हणजे एकशे साठ. माझ्या पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे शंभरेक कॅलरी. उत्तम घड्याळ घातलं तरी दीड पोळीचा फरक पडतो, आणि त्याच आकड्यावर उद्याचा डबा ठरतो.

नुसतं बसून शरीराला किती लागतं, तेही बरीच ॲप्स सूत्राने काढतात. १९९० चं एक सूत्र फार वापरात आहे. ७० किलो, १७० सेंटीमीटर, पस्तिशीचा पुरुष असेल तर ते सुमारे १५९० कॅलरी सांगतं. त्या ७० किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे ते विचारत नाही. आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचं आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचं शरीर शेजारी-शेजारी दाखवलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मला हे पुण्यातल्या प्रत्येक ॲपवाल्याला सांगावंसं वाटतं. बारीक दिसणाऱ्या आपल्या मुलांना पोळ्या घटवण्याआधी प्रथिनं वाढवायला हवीत.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या मुलाला साधारण ५४ ग्रॅम. तीन पोळ्या, वाटीभर वरण आणि भाजी मिळून विसाच्या आसपास जातं. म्हणून मी उसळ वाढवते. ४० ग्रॅम कोरड्या मटकीत आठेक ग्रॅम येतात.

ॲपमधली ‘वांग्याची भाजी’ही माझी नसते. माझ्या भाजीत दाण्याचं कूट असतं आणि १० ग्रॅम कुटाच्याच पन्नासच्या वर कॅलरी होतात. मग मी शिजवण्याआधी वजनकाट्यावर जिन्नस तोलते आणि डब्यागणिक तेल, कूट, डाळ किती ग्रॅम पडली ते मुलांना पाठवते. ते भरलं की ॲपच्या हातात निदान जेवणाचा तरी खरा आकडा असतो.

टेकडीवाल्या मुलाला मी व्यायामाच्या कॅलरी जेवणात मिळवण्याचं सेटिंग बंद करायला लावलं. चालणं चालूच ठेव म्हटलं. नाडी आणि झोप बघ, घड्याळाला ती बरी कळते. रोजच्या कॅलरींवर पोळ्या हलवायच्या नाहीत. रोज सकाळी उपाशीपोटी वजन कर आणि आठवड्याची सरासरी मला दे. दोन-तीन आठवडे ती एकाच दिशेने सरकली, तर आपण एक पोळी इकडे किंवा तिकडे करू. तोवर डबा तोच.

असाच डबा कुणाला लावायचा असेल, तर सरासरी शनिवारी दुपारपर्यंत कळवा. सोमवारच्या उसळीची मटकी मी शनिवारी रात्री भिजत घालते.