सपाट तोंडाची की नाकाची?

ऑप्टिमस प्राइमच्या ट्रकला नाक, म्हणजे केबिनच्या पुढे आलेला इंजिनाचा भाग, असावे की नसावे, या प्रश्नावर पारोळा आणि एरंडोल यांच्या मधल्या एका ढाब्यावर एक आख्खी दुपार वाद झाला आणि तो मिटेपर्यंत मला माझे काम सुरू करता आले नाही. जळगावात माझी फायबरच्या प्रतिकृती घडवणारी कार्यशाळा आहे. गणेश मंडळांचे देखावे, बालोद्यानांतले प्राणी, दुकानांपुढचे पुतळे ही आमची नेहमीची कामे. ढाब्याच्या मालकांना, ज्यांना सारा परिसर आप्पा म्हणतो, प्रवेशद्वारापाशी वाहनांत रूपांतरित होणाऱ्या यंत्रमानवांच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या कथेतला तो प्रसिद्ध, ट्रक होणारा यंत्रमानव ऑप्टिमस हवा होता: पुढे खऱ्या मापाचे ट्रकचे तोंड आणि त्यामागून वर आलेला धड-डोक्याचा भाग. मुले फोटो काढतील आणि फोटोंमुळे गिऱ्हाईक थांबेल, इतका साधा त्यांचा हिशेब होता.

अडचण अशी झाली की मोबाइलवरची चित्रे मला आप्पांच्या घरातल्या दोघांनी पाठवली आणि दोन्ही चित्रांतला ट्रक वेगळा होता. आप्पांचे धाकटे बंधू पंचेचाळिशी ओलांडलेले. त्यांनी मुंबईच्या मामांकडे व्हिडिओ कॅसेटवर 1984 ची मूळ कार्टून मालिका पाहिलेली होती. तिच्यातला ऑप्टिमस लाल रंगाचा, सपाट तोंडाचा, म्हणजे चालकाची केबिन थेट इंजिनावर बसवलेला ट्रक होता. आप्पांचा मुलगा तिशीतला. त्याने शाळेत असताना दिग्दर्शक मायकेल बे यांचा 2007 चा चित्रपट पाहिला आणि त्याचा ऑप्टिमस म्हणजे लांब नाकाचा, निळ्या अंगावर लाल ज्वाळा रंगवलेला पीटरबिल्ट 379 हा अमेरिकी ट्रक. कागदावरचे आपल्याला कळत नाही, उभे करून दाखवा, असे आप्पांनी सांगितल्यामुळे दोन्ही तोंडांचे बाजूने दिसणारे आकार मी प्लायवूडमध्ये खऱ्या मापाने कापले आणि ते टेम्पोत घालून ढाब्यावर घेऊन गेलो.

आकार भिंतीला टेकवून उभे करताच दोघांच्याही आधी वाहनचालक जमा झाले. केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या काही गाड्या त्या वेळी जेवणासाठी थांबल्या होत्या. त्यांपैकी कोणीही तो चित्रपट पाहिलेला असावा असे मला वाटत नाही, परंतु ट्रकच्या तोंडाबद्दल मत नसलेला चालक अजून जन्मायचा आहे. धुळ्याकडच्या एका वयस्कर चालकांनी तरुणपणी जुनी नाकाची टाटा चालवली होती. लांब आकारावर हात ठेवून ते म्हणाले, “नाक ऱ्हायनं म्हणजे इंजिन बाहेर ऱ्हास, पाय भाजतस नही.” त्यावर एका तरुण चालकाने सपाट तोंडाची बाजू घेतली: पुढचे जवळचे दिसते, अरुंद जागेत गाडी वळते, कन्नडच्या घाटात नाकाची गाडी घालून दाखवा. खानदेशातल्या उन्हात इंजिनाशेजारी बसून दिवस काढणाऱ्या माणसांचे हे बोलणे होते आणि मला ते फार मोलाचे वाटले, कारण ट्रकचा आकार त्यांच्यापैकी कोणीही शोभेची बाब मानत नव्हते. इकडे नाक, तिकडे सपाटी, आणि प्रत्येकाला कारण.

काका आणि पुतण्या यांचा वादही हळूहळू त्याच वळणावर आला. मुलाने चित्रपट करणाऱ्यांचे म्हणणे मांडले. त्यांनी असे ठरवले होते की वाहनातून निघणारा यंत्रमानव वाहनाच्या आकारमानाशी जुळणारा असावा. पडद्यावरचा ऑप्टिमस सुमारे 28 फुटांचा हवा असेल, तर तेवढा ऐवज सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये मावत नाही, म्हणून लांब नाकाचा मोठा ट्रक निवडला गेला.

“काका, तुमच्या गाडीतून एवढा मोठा गडी निघणारच नाही.”

“मग थोडा लहान निघू दे,” काका म्हणाले.

सगळे हसले, पण काकांनी मुद्दा झटकून टाकला नव्हता. मूळ मालिकेत खलनायक मेगाट्रॉन हातात मावणाऱ्या पिस्तुलात रूपांतरित होत असे आणि तेवढे मोठे धूड पिस्तुलात कसे शिरते, हा प्रश्न आपल्यालाही लहानपणी पडला होता, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. त्यात आणखी एक गोष्ट मी घातली. अमेरिकेत सपाट तोंडाचे ट्रक एके काळी मुबलक होते, याचे कारण तेथील अनेक राज्यांत गाडीच्या एकूण लांबीवर बंधन होते. तोंड आखूड ठेवले की मागे माल जास्त मावत असे. 1982 च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवरचे ते एकूण लांबीचे बंधन उठले आणि लांब नाकाचे ट्रक पुन्हा पसरले. म्हणजे 1984 मध्ये मुलांना रस्त्यावर दिसणारा ट्रक 2007 पर्यंत तेथे दुर्मीळ झाला होता. हे काकांना नवीन होते. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “नाक मान्य. त्याला कारण आहे. पण या ज्वाळा कशासाठी? ज्वाळा रंगवून त्याचं कोणतं बळ वाढलं?” मुलाकडे याचे उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर चित्रपटाकडेही ते नाही. तो चित्रपट येण्याआधी जगभरच्या चाहत्यांनी ज्या गोष्टींवर राग काढला, त्यांत या ज्वाळा वरच्या क्रमांकावर होत्या, आणि त्या का खुपल्या हे मला त्या दुपारी जितके स्पष्ट कळले तितके पूर्वी कधी कळले नव्हते.

अशा रागाला हट्टी माणसांचे गतकाळप्रेम म्हणून बाजूला सारण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. 2009 च्या ‘स्टार ट्रेक’ या अंतराळपटात एंटरप्राइज यानाचे बाह्यरूप बदलले, त्यावर चर्चा झालीच, पण यानाच्या इंजिनकक्षाचे चित्रीकरण बिअरच्या कारखान्यात केले गेले आणि त्या टाक्या-नळांची चाहत्यांनी केलेली थट्टा अजून थांबलेली नाही. ताऱ्यांमधून जाणाऱ्या यानाच्या पोटात नळांचे जाळे का, याचे उत्तर त्या यानाच्या कल्पनेतून मिळत नव्हते.

काकांचे खरे दुखणे मात्र पिवळ्या गाडीचे निघाले. बंबलबी हा ऑप्टिमसचा साथीदार यंत्रमानव मूळ मालिकेत फोक्सवॅगन बीटल होता. 2007 मध्ये तो शेवरले कॅमॅरो झाला. बीटल घेतली तर प्रेक्षकांना 1968 पासून पडद्यावर असलेली हर्बी ही बोलकी वाटणारी बीटल आठवेल, असे मायकेल बे यांचे म्हणणे होते, आणि ते काकांनी एक वेळ ऐकूनही घेतले असते. परंतु त्याच चित्रपटात जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जागी एक पिवळी बीटल कॅमॅरोच्या शेजारी उभी असते आणि कॅमॅरोचे दार धाडकन उघडून तिच्या अंगाला पोचा पाडते. “ते दार आम्हालाच लागलं,” काका म्हणाले. एवढ्या वर्षांनंतरही त्यांच्या आवाजात तेढ होती. बदलाचे कारण सांगणे वेगळे आणि जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्याची टर उडवणे वेगळे. रूपांकन करणारा माणूस म्हणून मला हा फरक लाखाचा वाटतो.

मुलाने त्यावर वाद घातला नाही. त्याने मोबाइल काढला आणि 2007 च्या चित्रपटातले ऑप्टिमसचे बोलणे लावले. काकांनी मान वर केली. आवाज पीटर कलेन यांचा होता, 1984 च्या मालिकेत होता तोच. ट्रक बदलला, तोंड बदलले, पण आवाजाला कोणी हात लावला नव्हता, हे त्यांना ठाऊकच नव्हते, कारण जाहिरातीतल्या ज्वाळा पाहून त्यांनी तो चित्रपट पाहिलाच नव्हता. दाराचा प्रसंग तेवढा तुकड्यांत पाहिला होता. मग मुलाने 2018 च्या ‘बंबलबी’चा शेवट दाखवला. त्या चित्रपटात बंबलबी बराच काळ पुन्हा बीटल असतो आणि शेवटी कॅमॅरोचे रूप घेऊन गोल्डन गेट पुलावरून जाऊ लागतो, तेव्हा त्याच्या शेजारून लाल, सपाट तोंडाचा ट्रक धावत असतो. काकांचा ट्रक आणि पुतण्याची कॅमॅरो एकाच चौकटीत. काकांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

निर्णय अर्थात आप्पांनी दिला आणि तो या सगळ्यापासून दूर होता. गल्ल्यावरून उठून त्यांनी लांब नाकाचा आकार जमिनीवर आडवा घालायला लावला, पावलांनी मोजला आणि सांगितले की एवढे नाक पुढे आले तर एका गाडीची उभी राहण्याची जागा जाईल, सपाट करा. मुलाने एकच अट घातली: ट्रक आखूड असेल तर मागचा यंत्रमानवही त्याच हिशेबाने लहान करावा. नियम तो नियम. आप्पांना फोटोत तो उंच हवा होता, पण या अटीवर काका पुतण्याच्या बाजूने उभे राहिले.

कामाच्या दृष्टीने सपाट तोंड अवघड. नाकाला वळणे असतात आणि वळणामुळे फायबरला आपोआप ताठरपणा येतो. मोठा सपाट पृष्ठभाग उन्हाने लवतो आणि रंगाची चकाकी आली की त्यावरचा प्रत्येक उंचवटा नजरेत भरतो. म्हणून आतून लाकडी पट्ट्या बसवून त्यांवर काचतंतूंच्या मॅटचे जादा थर द्यावे लागले, मागे चौकोनी पाइपांचा सांगाडा घ्यावा लागला. मे महिन्यात दुपारी रेझिन, म्हणजे मॅटचे थर जोडणारा चिकट द्रव, पाहता पाहता आवळते, त्यामुळे ते घट्ट करणारे हार्डनर कमी घालून आम्ही भराईचे सगळे काम पहाटे उरकत होतो. खर्च वाढला. आप्पांनी वाढीव रकमेला सरळ नकार दिला; पत्रा सपाट आणि पैसे जास्त, हे गणित त्यांना मान्य नव्हते. संध्याकाळी काका एकटेच कार्यशाळेत आले, साच्यातून नुकत्याच काढलेल्या तोंडावरून त्यांनी हात फिरवला, एका कोपऱ्यातली पुट्टी अजून घासायला हवी असे दाखवले, आणि फरकाची रक्कम स्वतःच्या खिशातून देऊन बिलावर ती लिहू नका म्हणून सांगितले.