केशरची वही

आमच्या घरी गोल्डफिश आले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा होता. दोघांनी मिळून फॅनटेल या दुहेरी शेपटीच्या जातीचे दोन मासे निवडले: भगव्या रंगाची केशर आणि पांढरा, पाठीवर नारिंगी ठिपका असलेला मोती. काचेचा गोल वाडगा, तळाशी रंगीत खडे आणि जेमतेम आठ लिटर पाणी अशी त्यांची सोय आम्ही केली, आणि ती पुरेशी आहे असे आम्हाला मनापासून वाटत होते. नवव्या दिवशी सकाळी मोती तळाशी आडवा पडलेला दिसला. आदल्या दिवसापासून तो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन सारखे तोंड उघडमीट करत होता. त्याला भूक लागली असेल असे समजून आम्ही आणखी दाणे टाकले होते. तो श्वासासाठी धडपडत होता हे नंतर कळले, आणि ते आठवले की आजही जीव हळहळतो.

पाण्यावर आमचा संशय गेला नाही याचे कारण ते अगदी नितळ होते. तळाचा एकेक खडा मोजता येत होता, वासही नव्हता. अनेक वर्षे मासे पाळणाऱ्या एका परिचित बाईंना मी फोन केला तेव्हा त्यांनी सर्वप्रथम विचारले, "अमोनिया किती आहे?" मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळी त्या स्वतःच पाणी तपासण्याचा किट घेऊन आल्या. त्यांनी वाडग्यातले थोडे पाणी काचेच्या नळीत घेतले, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकले आणि आम्ही सगळे नळीकडे पाहत बसलो. आधी फिकट पिवळे असलेले पाणी हळूहळू पोपटी झाले आणि पाच मिनिटांत गडद हिरवे. रंगपट्टीशी ताडून पाहिल्यावर आकडा निघाला 4 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत चार भाग. तो शून्य असायला हवा होता. त्याच पाण्यात केशर अजून पोहत होती.

बाईंनी त्या दिवशी जे समजावले ते मासे आणण्याच्या आधी माहीत असते तर मोती वाचला असता. मासा आपल्या शरीरातला अमोनिया प्रामुख्याने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो, आणि विष्ठा व उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले भाजून काढतो. नायट्राइटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमताच घटते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि नियमित पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करून राहतात, आणि ती वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे टाकी आधी तयार करावी आणि मासे नंतर आणावेत, हा योग्य क्रम. आमच्याकडे मासा आधीच होता, म्हणून जिवाणूंची वाढ होईपर्यंत अमोनिया आम्हालाच हाताने कमी करत राहावे लागणार होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही 100 लिटरची आयताकृती टाकी आणि फिल्टर आणला. आयताकृती टाकीत पाण्याचा पृष्ठभाग मोठा मिळतो आणि पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यतः त्या पृष्ठभागातूनच. गोल वाडगा काठोकाठ भरला की नेमका तोच आक्रसतो. शिवाय फॅनटेल पूर्ण वाढला की 15 ते 20 सेंटिमीटरचा होतो. एकेरी शेपटीचे गोल्डफिश तर 30 सेंटिमीटरपर्यंत जातात आणि त्यांना खरे म्हणजे तळेच हवे. नीट सांभाळले तर हा मासा दहा-पंधरा वर्षे सहज जगतो, ही गोष्टही आम्हाला तेव्हाच कळली.

पुढचे काही आठवडे आमच्या घराचा दिनक्रम त्या टाकीभोवती फिरत राहिला. रोज संध्याकाळी मुलगी पाणी तपासायची आणि एका वहीत तीन रकाने करून अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांचे आकडे लिहायची. त्यानंतर मी टाकीतले एक तृतीयांश पाणी नळीने काढायचे आणि तेवढेच ताजे पाणी, तापमान जुळवून, क्लोरीन नाहीसे करणारे द्रावण घालून, हळूहळू भरायचे. पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन निघून जातो, हे मी ऐकून होते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे, परंतु पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) वापरलेले असेल तर ते असे उडून जात नाही, म्हणून द्रावण न चुकता वापरणेच बरे.

दुसऱ्या आठवड्यात केशरच्या परांच्या कडा काळ्या पडू लागल्या. शेपटीच्या टोकावर काजळाची रेघ ओढावी तसा तो रंग दिसे. मी घाबरून बाईंना छायाचित्र पाठवले, तर त्यांना बरे वाटले. अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येताना गोल्डफिशच्या अंगावर असे काळे डाग उमटतात आणि काही दिवसांनी आपोआप जातात, असे त्यांनी सांगितले. केशरचे डाग महिन्याभरात गेले.

तिसऱ्या आठवड्यात वहीत नायट्राइटचा आकडा पहिल्यांदा दिसला आणि अमोनिया उतरू लागला. मुलीला वाटले काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात जिवाणूंची पहिली फळी कामाला लागल्याची ती खूण होती. चौथ्या आठवड्यात मात्र सगळे मागे गेले. फिल्टरचा स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला होता, म्हणून माझ्या पतींनी तो नळाखाली धरून अगदी स्वच्छ, नवा दिसेल इतका धुतला. तीन दिवसांनी अमोनिया पुन्हा वर. क्लोरीनयुक्त पाण्याने स्पंजवरच्या वस्तीचा मोठा भाग मेला होता. त्यांना फार लागून राहिले. काम त्यांनी मायेपोटीच केले होते. तेव्हापासून स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा हलका पिळायचा, एवढीच त्याची सफाई. या प्रकारात दोन आठवडे वाढले आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी वहीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 अशी ओळ लिहिली गेली. ती ओळ मुलीने लाल पेनने चौकटीत बसवली आहे.

खाद्याचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. आम्ही चौघेही आपापल्या वेळी चिमूटभर दाणे टाकत होतो आणि प्रत्येकाला वाटे की आपणच तेवढे टाकले. गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले थेट आतड्यात जाते, त्यामुळे तो सतत अन्न शोधत असतो आणि पोट भरले म्हणून थांबत नाही. थांबायचे ते आपण. आता दिवसातून दोनदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि तेही दाणे आधी भिजवून. आठवड्यातून एकदा उकडून साल काढलेला मटार. ज्याने खाऊ घातले त्याने वहीत खूण करायची, म्हणजे दुसरा घालत नाही.

मागच्या महिन्यात केशरच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे, रव्यासारखे बारीक कण दिसले. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असणार असे समजून मी औषधाची बाटली काढलीही होती. मुलीने भिंग घेतले, काचेला नाक लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "आई, हे अंगभर नाहीत. फक्त झाकणावर आहेत आणि पुढच्या पराच्या पहिल्या काट्यावर, ओळीने." रोगाचे ठिपके शरीरावर, परांवर कुठेही विखुरलेले असतात. असे ओळीने येणारे खरखरीत कण प्रजननाच्या काळात नर गोल्डफिशला येतात आणि त्याला औषध लागत नाही. मी बाटली परत ठेवली.

म्हणजे केशर नर आहे. त्या संध्याकाळी मुलीने वहीत पहिल्यांदाच "केशर जेवला" असे लिहिले. धाकटा मात्र टाकीशी उभा राहून अजूनही "केशर आली" असेच म्हणतो.