भेटी मोजून झाल्या, पुढे काय?

मागे काही वर्षं मी आरोग्य प्रकल्पांचे रिपोर्ट लिहायचो, म्हणजे उन्हातान्हात घरोघरी फिरणारे वेगळे आणि त्यांच्या कामाचे तक्ते रंगवून वर पाठवणारा मी वेगळा. तक्त्यात पहिला रकाना कायम एकच, गृहभेटी किती झाल्या. तो भरलेला असला की सगळे खूश. त्या भेटीत काय झालं, त्या आईला काय कळलं, बाळाला कुणी हात तरी लावून बघितला का, याला रकानाच नव्हता. मग टॅब आले, ॲप आलं, फोटो न् लोकेशन आलं, जो तो इनोव्हेशन इनोव्हेशन करायला लागला, पण रकाना तोच राहिला हो, कागदावरून उठून फक्त स्क्रीनवर जाऊन बसला.

म्हणून मला बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेची गोष्ट भारी आवडते. जुलाबात पोर दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि पाण्यात मीठाबरोबर साखर असली की आतडं ते पाणी नीट शोषून घेतं, हे ब्रॅकने काम सुरू करायच्या आधीच माहीत झालं होतं. १९७१ च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण पिंपांत कालवलं आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं, आणि मरणारी माणसं वाचली. म्हणजे शोध लागलेला होता, सिद्धही झाला होता. आता तो प्रत्येक चुलीपर्यंत पोचवायचा कसा, एवढंच राहिलं होतं (एवढंच!).

ब्रॅकच्या बायका १९८० पासून दहाएक वर्षं दारोदार फिरल्या, एक कोटीच्या वर घरांत गेल्या, आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचं द्रावण कसं करायचं ते आयांना शिकवलं. पण खरी गंमत पगारात होती. शिकवून झाल्यावर काही दिवसांनी दुसरंच माणूस त्यातल्या काही घरी जायचं, आईला प्रश्न विचारायचं, तिच्याकडून द्रावण करून घ्यायचं, आणि तिला किती लक्षात राहिलंय त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. किती घरं केलीस हा प्रश्नच मागे पडला. आता ज्या बाईचा पगार समोरच्या आईच्या लक्षात राहण्यावर आहे ती भराभरा बोलून पुढच्या दारात कशाला पळेल, ती बसेल, आईच्याच हातात चिमटीत मीठ देईल, चुकली तर परत करायला लावेल. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो, त्यामुळे हे हातानेच करून बघायला हवं होतं.

बरं, एवढं करूनही झालं काय, तर आयांना सगळं पाठ, पण पोराला जुलाब झाले की द्रावण करणाऱ्या थोड्याच! मग खोदून बघितलं तर शिकवणाऱ्या बायकांपैकीच बऱ्याच जणींचा त्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्या जुलाबाला त्या औषध घेत होत्या 😄 मग त्यांना ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात नेऊन प्रत्यक्ष दाखवलं. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, तेव्हा त्यांच्याशीही बोलायला सुरुवात केली. लक्षात किती राहिलं याच्या जोडीला वापरलं किती हेही बघितलं म्हणून हे सापडलं, नाहीतर शंभर टक्के प्रशिक्षण पूर्ण असा माझ्यासारख्या कुणीतरी रिपोर्ट लिहून टाकला असता.

अर्थात कामावर पैसे बांधायचे म्हणजे दुधारी सुरी आहे. आपल्याकडच्या आशाताईंना २००५ पासून बऱ्याच कामांचे कामागणिक पैसे मिळतात आणि ज्या कामाला दर नाही तेही त्या करतातच, फक्त ते कुठे दिसत नाही. नेदरलँड्समध्येही घरी येणाऱ्या नर्सच्या प्रत्येक कामाला वेगळी मिनिटं नि वेगळा कोड लावून ठेवला होता, अंघोळ इतकी मिनिटं, इंजेक्शन इतकी. या प्रकाराला वैतागून योस द ब्लोक या नर्सनेच २००६ मध्ये ब्युर्टझोर्ख ही घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था काढली, जास्तीत जास्त बारा जणांची टीम, वर मॅनेजर नाही, काय करायचं ते टीमनेच ठरवायचं.

पण माझं सगळ्यात लाडकं यंत्र गडचिरोलीचं. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजायला लागतात, दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त भरले की धोका, आणि तिथल्या दाईंना मोजता यायचं बारापर्यंत. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी काय केलं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, वयाप्रमाणे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा लाल मणी सरकला की न्यूमोनिया. झालं. बॅटरी नाही, रेंज नाही, सिंक नाही. आणि मुख्य म्हणजे हे मोजणं त्या दाईच्या स्वतःच्या कामाचं, पुढच्या क्षणी बाळाचं काय करायचं ते तिला त्यातून कळतं.

परवा एका ओळखीच्यांनी त्यांच्या नव्या ॲपचा फॉर्म बघायला पाठवला होता. चाळीसच्या वर रकाने. मी म्हटलं, यातले निम्मे काढा आणि एकच घाला, पुढच्या खेपेला आईने न विचारता काय सांगितलं. ते म्हणाले कल्पना छान आहे हो, पण ते ड्रॉपडाऊनमध्ये बसत नाही.