नागपूरचा मे आणि तापलेलं हॉटस्पॉट डबडं

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. खिशात मावणारे, सिमकार्डावरून वायफाय देणारे बहुतेक हॉटस्पॉट राउटर मात्र साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. त्यात पंखा नसतो, उष्णता बाहेर पडते ती फक्त कव्हरमधून. चिप तापली की ती स्वतःच वेग कमी करते. आपण उगाच सिमकार्डाला शिव्या घालतो.

सगळ्यात जास्त तापतं ते चार्जिंगला लावून वापरताना. बॅटरी भरण्याची उष्णता आणि मोडेमची (टॉवरशी बोलणाऱ्या भागाची) उष्णता, दोन्ही एकाच डबीत. म्हणून आधी चार्ज करा, मग वापरा. बॅटरी निघणारी असेल आणि मॉडेल बॅटरीशिवाय चालत असेल, तर घरी ती काढून ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या अॅडॉप्टरवर चालवा. मागचं झाकण फुगलेलं दिसलं, तर चार्जिंग तिथेच बंद. दाबून बसवायचं नाही, बॅटरी बदलायची.

दुसरं कारण कमजोर सिग्नल. टॉवर नीट सापडत नसला की मोडेम जोर लावून प्रक्षेपण करतो आणि तापतो. सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) बघा: उणे ९० च्या आसपास ठीक, उणे ११० म्हणजे जागा बदला. खिडकीजवळ ठेवा, पण सावलीत.

कूलरसमोर ठेवू नका, ओली हवा आत शिरते. फ्रिजचं तर नावच नको!