तुम्ही विचारलंत म्हणून: क्लिम्ट सोडून हा श्मिट कोण?

व्हिएन्नाला आमच्याकडे कोणी पाहुणे आले की एक दिवस मी त्यांना क्रेम्सच्या गाडीत बसवते. तासाभराचा रस्ता. आणि परतताना ठरलेला प्रश्न येतो: इथे क्लिम्टसारख्या जगप्रसिद्ध चित्रकाराची चित्रं असताना हा कोण श्मिट दाखवत फिरतेस? साताऱ्याच्या आत्याने तर सरळ विचारलं, "लागतो का गं कोणी तुझा?"

मार्टिन योहान श्मिट, ऑस्ट्रियातला चित्रकार. जन्म १७१८, बाप मूर्तिकार. डॅन्यूबकाठच्या स्टाइन गावात वेशीजवळ घर, आणि १८०१ मध्ये गेलाही तिथेच. तरी लोक म्हणतात 'क्रेम्सर श्मिट', म्हणजे क्रेम्सकर. क्रेम्स खरं तर शेजारचं गाव. पिंपरीच्या माणसाला पुणेकर म्हणावं, तसलाच प्रकार. (आता स्टाइन क्रेम्समध्येच मोडतं, आणि ऑस्ट्रियात स्टाइन म्हटलं की आधी तिथला तुरुंग आठवतो. बिचारा श्मिट.)

बरोक, म्हणजे चर्च-महालांतली ती भपकेबाज, नाट्यमय शैली, उतरणीला लागलेली, आणि नाव कमवायचं तर व्हिएन्ना गाठायची, असा तो काळ. हा तिथल्या कला अकादमीत कधी शिकलाच नाही. तरी १७६८ साली अकादमीने त्याला सभासद करून घेतलं, आणि त्यानंतरही याने स्टाइन सोडलं नाही. आसपास मेल्क, ग्योटवाइग, झाइटनश्टेटन असे गबर मठ. चर्चच्या वेदीवर चित्र हवं झालं की निरोप याच्याकडे. स्लोव्हेनियापर्यंत त्याची चित्रं गेली. हजाराच्या वर कामं केली, आणि खरं सांगायचं तर त्यातली काही नुसती उरकलेली आहेत. देवदूतांचे गाल तर एकाच साच्यातून काढल्यासारखे. हे मी आत्यापाशीही कबूल केलं.

पण त्याचा अंधार बघा. प्रकाश-अंधाराच्या खेळासाठी गाजलेला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या जन्माआधी पन्नासेक वर्षं वारलेला, तोही दूर हॉलंडात. पण त्याची एचिंग म्हणजे कागदावरचे ठसे. ते कुठेही पोचायचे. श्मिटने त्यांचा इतका ध्यास घेतला की स्वतः तांब्याच्या पत्र्यावर तसेच दाढीवाले, पागोटेवाले म्हातारे कोरले. मग तोच अंधार तैलरंगात आला. सगळं चित्र काळपट तपकिरी, आणि त्यातून एका म्हाताऱ्या संताचं कपाळ तेवढं वर आलेलं. अगदी जवळ गेलात तर कपाळ नाहीच, पिवळट रंगाचे चार जाड फटकारे आहेत. दोन पावलं मागे सरा, की म्हातारा पुन्हा बघायला लागतो. समईच्या उजेडात गाभाऱ्यातली मूर्ती बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. संग्रहालयाच्या पांढऱ्या दिव्यांखाली मात्र ही चित्रं मरतात. म्हणून तर मी लोकांना गाडीत घालून चर्चमध्ये नेते.

पुढे १७८० च्या दशकात सम्राट योसेफ दुसरा याने शेकडो मठ बंद केले. श्मिटचं निम्मं गिऱ्हाईकच गेलं म्हणा ना. तो मग पुराणकथांची, साध्या माणसांची छोटी चित्रं काढू लागला. हातही सैल झाला, रंग मोकळा झाला. मला ही उतारवयातली चित्रंच जास्त आवडतात.

आणि त्यातच १७८७ साली, सत्तरीला टेकलेला असताना, क्रेम्सच्या संत फाइटच्या चर्चचं छत त्याने रंगवलं. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं काम. सकाळी लावला तेवढा गिलावा वाळायच्या आत रंगवून संपवायचा. चुकलं तर खरवडून पुन्हा गिलावा. तेही परांचीवर उभं राहून, मान वर करून.

आत्या त्या छताखाली थोडा वेळ उभी राहिली. मग मान चोळत बाकावर बसली आणि म्हणाली, "खाली रंगाची वाटी धरायला तरी कोणी होतं का गं त्याच्याजवळ?"

मी म्हटलं, असणार. गिलावा कालवणारा तरी नक्कीच.