लासेनला जाऊन आलो

काल लासेन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कला गेलो होतो. कॅलिफोर्नियातली आपली मराठी मंडळी योसेमिटी करतात, टाहो करतात आणि उत्तरेचा हा ज्वालामुखीचा डोंगर मात्र राहून जातो. फार वाईट वाटतं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो हॉट रॉकपाशी. रस्त्याकडेला पडलेला घराएवढा धोंडा! मे १९१५ मध्ये लासेनचा उद्रेक झाला, तेव्हा बर्फ, चिखल आणि दगडांच्या लोंढ्याबरोबर तो शिखरावरून इथवर आला. थंड व्हायलाही त्याला बराच वेळ लागला. त्याच्या खरखरीत अंगावर हात ठेवला आणि काही बोलायला सुचेना. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला.

आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पण तो बेसॉल्ट, म्हणजे पातळ वाहणारा लाव्हा, लांबवर थरावर थर पसरत गेलेला. इथला लाव्हा डेसाइट जातीचा, इतका घट्ट की मुखापाशीच साचून त्याचा घुमट झाला, तोच लासेनचा डोंगर. शिखराची समुद्रसपाटीपासून उंची ३,१८७ मीटर.

बंपस हेल या पार्कमधल्या उकळत्या झऱ्यांच्या जागी गंधकाचा वास नाकात बसतो, राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो. लाकडी पायवाट अजिबात सोडू नका. ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते, त्या बंपसचा पाय वरचं पातळ कवच फुटून आत गेला, भाजला आणि शेवटी कापावा लागला.

२०२१ च्या डिक्सी वणव्यात पार्कचा मोठा भाग जळाला. काळी खोडं बघून पोटात तुटतं.

जायचं तर जुलै ते सप्टेंबरमध्ये जा. हिवाळ्यात बर्फामुळे मधला रस्ता बंद असतो.